फर्स्ट एडर प्रशिक्षण: तीन पाळ्यांच्या कारखान्यात किती जण पाठवायचे आणि काय शिकून घ्यायचं?

प्रेसशॉप_चाकण
आमच्याकडे २२० कामगार आहेत. पहिल्या पाळीत १३०, दुसरीत ६०, रात्री ३०. एका शेडमध्ये पॉवर प्रेस, दुसऱ्यात झिंक प्लेटिंग. प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट एकाकडेच आहे आणि तो जनरल शिफ्टला असतो. किती जणांना पाठवू? कोर्स कुठला धरू? एक एजन्सी म्हणते, दोन तास ऑनलाइन बसा, सर्टिफिकेट लगेच. शिवाय आमच्या कामाच्या दृष्टीने कशावर भर द्यायला सांगू?

पाळीचा_हिशोब
कारखाने अधिनियम, १९४८, कलम ४५ चा हिशोब धरा (नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० ने घेतली). त्यात एका वेळी कामावर असणाऱ्या दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी लागायची. तुमच्याकडे एका वेळी जास्तीत जास्त १३०, म्हणजे त्या हिशोबाने एक पेटी पुरते. पण शेड दोन आहेत, त्यामुळे दोन ठेवा. खरी मेख त्याच कलमात पुढे होती: प्रत्येक पेटी वेगळ्या जबाबदार माणसाच्या ताब्यात हवी, त्याच्याकडे राज्य शासनाने मान्य केलेलं प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट हवं आणि कामाच्या वेळेत तो हाताशी हवा. दोन पेट्या गुणिले तीन पाळ्या म्हणजे सहा. साप्ताहिक सुट्टी, रजा धरून आठ-नऊ जण पाठवा. रात्रपाळीची माणसं आधी.

ऑफिसातली माणसं निवडू नका. लाइनवरचा सेटर, प्लेटिंगचा ऑपरेटर, स्टोअरवाला बघा. मात्र ज्याला मशीन सोडून निघताच येत नाही, तो नको.

कोर्ससाठी सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स किंवा रेड क्रॉसच्या केंद्रात विचारा. दुसरं कुणी असेल तर त्यांचं सर्टिफिकेट चालतं का, हे पैसे भरण्याआधी डिशच्या (औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय) कार्यालयातून खात्री करून घ्या. नुसतं ऑनलाइन नकोच. व्हिडिओ बघून हात बसत नाही.

जाता जाता: ठरवून दिलेल्या सामानाखेरीज पेटीत काही ठेवायचं नाही, हेही त्याच कलमात होतं. क्रोसिन, बाम, लॉकरच्या चाव्या आजच बाहेर काढा.

डमीवाला
सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, हे हातानेच शिकायचं. एजन्सीला एकच विचारा: किती माणसांमागे सरावाचे किती डमी (पुतळे)? तीस जणांत एक डमी म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर.

मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंमी खाली गेली पाहिजे, वेग मिनिटाला १०० ते १२०. घड्याळ लावून बघा: ३० दाब १५ ते १८ सेकंदांत झाले तर वेग बरोबर. बारा सेकंदांत उरकले तर घाई होतेय, आणि घाईत खोली हमखास कमी पडते. तीस दाबांनंतर दोन श्वास. दोन दाबसत्रांमधला खंड १० सेकंदांच्या आत.

नवशिक्याच्या तीन चुका ठरलेल्या. कोपर वाकतं, मग जोर खांद्यातून न येता दंडातून येतो आणि मिनिटभरात माणूस थकतो. दुसरी चूक शेजारी उभ्या माणसाला दिसतसुद्धा नाही: दाब सोडताना अंगाचा भार छातीवर राहतोच, छाती पूर्ण वर येत नाही, हृदयात रक्त भरत नाही, मग पुढचा दाब वाया. तिसरी, बदली न घेणं. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. थकलेल्याला आपले दाब उथळ झालेत हे कळत नाही.

आणि आचके. हृदय बंद पडल्यावरही माणूस थोडा वेळ माशासारखा तोंड उघडून आचके देतो. त्याला श्वास समजून लोक वाट बघत बसतात. हलवून, हाक मारून प्रतिसाद नाही आणि नेहमीसारखा श्वास नाही, तर एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने एईडी (हृदयाला शॉक देणारं यंत्र) असेल तर आणायला पळायचं, तिसऱ्याने दाबायला घ्यायचं. सर्टिफिकेटची मुदत काहीही असो, दर तीन महिन्यांनी डमीवर दहा मिनिटं हात चालवायला लावा.

ओएचसी_सिस्टर
प्रेस शॉपसाठी बोट तुटणं आणि रक्तस्राव, या दोन गोष्टी घोटून घ्या.

आधी प्रेस बंद, मेन ऑफ, मगच डायमध्ये (प्रेसच्या साच्यात) हात. जखमेवर गॉज ठेवून थेट दाबा. भिजलं तर काढू नका, वर दुसरं ठेवा. हातापायाचं रक्त दाबूनही थांबेना तर टूर्निकेट (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा): जखमेच्या ५ ते ७ सेंमी वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचं आणि वेळ लिहायची. जुन्या पुस्तकांत अधूनमधून सैल करायला सांगितलेलं आढळेल. तसं करू नका. वायर किंवा सुतळी नको, ती मांसात रुतते.

तुटलेलं बोट सलाइनमध्ये भिजवून पिळलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोटाला बर्फ थेट लागला तर पेशी मरतात. डेटॉल नको, हळद नको, चुना तर अजिबात नको.

अ‍ॅसिड उडालं तर कपडे काढत काढतच पाणी सुरू करा, किमान २० मिनिटं. सोडा टाकून अ‍ॅसिड मारायला जाऊ नका, त्यात उष्णता निघते. कॉस्टिक सोड्याचे फ्लेक्स मात्र आधी कोरड्या ब्रशने झटका, मग पाणी. डोळा धुताना अ‍ॅसिड गेलेला डोळा खाली ठेवा, पाणी नाकाकडून कानाकडे जाऊ द्या. पेटीतली ५०० मिलीची आयवॉश (डोळे धुण्याची) बाटली दोन-चार मिनिटांत संपते, नळाला जोडलेला आयवॉश हवाच.

फिट आली तर कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा नाही. वेळ मोजा, आजूबाजूचं सामान सरकवा, झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटं उलटली तर १०८.

प्रेसशॉप_चाकण
धन्यवाद. एक राहिलं. झिंकची आमची लाइन सायनाइडची आहे. तिथे काही वेगळं?

ओएचसी_सिस्टर
मग हे कोर्सवाल्याला आधीच सांगा, साध्या कोर्समध्ये हे येईलच असं नाही. तिथे बेशुद्ध पडलेल्याला तोंडाने श्वास द्यायचा नाही. बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी आणि मास्क) ठेवा आणि वापरायला शिकवा. बॅग हाताशी नसेल तर नुसते छातीवर दाब. बाथमध्ये अ‍ॅसिड मिसळलं तर हायड्रोजन सायनाइड वायू निघतो, त्यामुळे श्वसनसंच नसताना आत धावणारा पहिला माणूस बहुधा दुसरा पेशंट होतो. हातमोजे घालून कपडे उतरवा, पाण्याने धुवा. उतारा द्यायचा तो डॉक्टरांनी, म्हणून तो कुठल्या हॉस्पिटलात असतो हे आजच फोन करून विचारा. एसडीएसची (रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाची) एक प्रत गेटवर ठेवा, ती पेशंटबरोबर गेली पाहिजे.