प्रतिसाद: सिंगापूरला पकडलेल्या सैनिकाचा शोध

वर एकानं विचारलंय: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश भारतीय सैन्यातले आजोबा १९४२ला सिंगापूरला जपान्यांच्या हाती पडले, कागदोपत्री 'बेपत्ता' आहेत, तर त्यांचा शोध कसा घ्यावा? त्यात थोडी भर.

नावावरून शोधू नका, सर्व्हिस नंबरवरून शोधा. इंग्रज कारकुनांनी मराठी नावांची वाट लावली आहे; आडनाव बहुधा नसतंच, वडिलांचं नाव आणि गाव असतं. नंबर जुन्या पेन्शनच्या कागदावर किंवा पदकाच्या कडेवर कोरलेला सापडतो.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची (युद्धात गेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नावांची नोंद ठेवणारी संस्था) साइट. तिथली मृत्यूची तारीख १५ फेब्रुवारी १९४२ असेल तर हुरळू नका. तो सिंगापूरच्या शरणागतीचा दिवस. बेपत्ता माणसाच्या नावापुढे सोयीनं टाकलेला असू शकतो. आझाद हिंद सेनेत न गेलेल्या बऱ्याच जणांना पॅसिफिकमधल्या न्यू गिनी, न्यू ब्रिटन बेटांवर मजुरीला नेलं, म्हणून तिथल्या लाए आणि राबाउलच्या युद्ध-दफनभूमींच्या याद्याही चाळा. काही वाटेतच गेले: भारतीय कैदी असलेलं 'बुयो मारू' हे जपानी जहाज अमेरिकन पाणबुडीनं २६ जानेवारी १९४३ला बुडवलं.

लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधली जपान्यांनी ठेवलेली युद्धकैद्यांची कार्डं (दप्तर क्रमांक डब्ल्यूओ ३४५) मुख्यतः ब्रिटिशांची. तिथं नाव नाही म्हणजे कैदी नव्हता, असं नाही. कार्ड मिळालंच तर वर्ष शोवा या जपानी सनातलं असतं: १७ला १९४२ समजा, म्हणजे १९२५ मिळवा.