भिंतीवर पाचच जागा, मग फुटबॉलमधले पाच कोण?

सेक्रेटरी काका: नमस्कार मंडळी. पार्किंगच्या मागची लांब भिंत रंगवायला कमिटीने परवानगी दिली आहे. पोरांची मागणी फुटबॉल खेळाडूंच्या चित्रांची होती, ती मान्य. पेंटर म्हणतो पाचच चेहरे मोठे बसतील, सहावा घातला तर सगळेच बारीक होतील. जगातले कुठलेही, कुठल्याही काळातले चालतील. रविवारपर्यंत नावं ठरवा.

ए-१०४ धाकटा: त्यात ठरवायचं काय काका? मेस्सी, रोनाल्डो, एम्बापे, नेमार, हालांड. विषय हार्ड. पेंटरला उद्याच बोलवा.

सी-१०१ ताई: पेले नाही, मॅराडोना नाही? आणि नेमार कुठल्या हिशोबानं?

ए-१०४ धाकटा: ब्राझीलकडून सगळ्यात जास्त गोल नेमारचे आहेत ताई. फिफाच्या मोजणीत पेलेच्याही पुढं गेलाय तो.

ए-४०३ आजोबा: गोल पुढे गेले असतील, वर्ल्ड कप एकही नाही. पेलेने तीन जिंकले, १९५८, १९६२ आणि १९७०. पहिला जिंकला तेव्हा वय १७. फायनलमध्ये स्वीडनला त्यांच्याच देशात दोन गोल घातले त्या पोरानं. त्याच्याशिवाय भिंत रंगवू नका.

बी-२०२ काकू: टँकर सकाळी सातला येणार आहे, तो मेसेज वर गेला म्हणून परत टाकते. तुमचं चालू द्या.

बी-३०४ दादा: मघापासून वाचतोय. सात नावं आली, सातही गोल करणाऱ्यांची. कुणी गोली (गोलकीपर) सुचवला नाही, बॅक (बचाव करणारा) नाही, हाफ (मधल्या फळीतला) नाही. मी पेठेच्या संघात बॅकला खेळलोय, त्यामुळं हे मला लागतं. शाहू स्टेडियमवर गोल झाला की सगळी गॅलरी उठते, गोल करणाऱ्याला खांद्यावर घेतात. त्याच मॅचमध्ये बॅकनं लाइनवरनं बॉल काढलेला असतो, पण दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं नाव शेवटच्या ओळीत, तेही आलं तर.

२०२२ च्या वर्ल्ड कपची फायनल घ्या, अर्जेंटिना आणि फ्रान्सची. ३-३ झालेलं, जादा वेळ संपत आलेला. फ्रान्सचा कोलो मुआनी गोलीसमोर एकटा. त्यानं मारला आणि अर्जेंटिनाच्या गोलीनं, एमिलियानो मार्टिनेझनं, डावा पाय लांब टाकून अडवला. तो बॉल आत गेला असता तर टायब्रेकर झालाच नसता आणि कप फ्रान्सला गेला असता. मेस्सीचे त्या फायनलमधले दोन गोल आपल्याला पाठ आहेत. मग यादी करताना तो पाय का आठवत नाही?

बॅलन डी'ओर हा वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार १९५६ पासून देतात. एवढ्या वर्षांत गोली एकच, लेव्ह याशिन, १९६३. शेवटचा बॅक इटलीचा कॅनाव्हारो, २००६. त्याला का मिळालं तेही सांगतो. त्या वर्षीच्या वर्ल्ड कपमध्ये इटली सात मॅच खेळली आणि दोन गोल खाल्ले. एक स्वतःच्याच बॅकनं आपल्या जाळ्यात घातलेला, दुसरा फायनलमध्ये फ्रान्सच्या झिदानची पेनल्टी. म्हणजे चालू खेळात समोरच्या एकाही खेळाडूला इटलीवर गोल करता आला नाही. सेमीफायनलला जर्मनीविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, जादा वेळ धरूनसुद्धा नाही. हा आकडा कुठल्याही हॅटट्रिकच्या तोडीचा आहे, पण न झालेले गोल कुणाच्या नावावर लिहीत नाहीत.

माझं म्हणणं साधं आहे. आपण कोल्हापूरची माणसं, कुस्ती कळते आपल्याला. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं ते बँटमवेट गटात. हेवीवेटवाल्याला पाडलं नाही म्हणून त्यांना कुणी छोटा पैलवान म्हणत नाही. फुटबॉलमध्येही आधी गट पाडा. एक गोली, एक बॅक, एक हाफ, एक फॉरवर्ड. पाचवी जागा मोकळी ठेवा, तिच्यावर काय ते भांडूया.

ए-१०४ धाकटा: दादा, म्हणजे मेस्सी आणि रोनाल्डोमधला एकच बसणार? असं नका करू 🙏

बी-३०४ दादा: तसंच करायचं. चारच नावं आधीपासून ठरलेली असली तर ती निवड कसली?

ए-२०१ भाऊ: मी रोनाल्डोवाला. चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, १४० गोल, आजवर सगळ्यात जास्त. पाच वेळा ती स्पर्धा जिंकली, मेस्सीनं चार वेळा. मँचेस्टर, माद्रिद, तुरीन, तिन्हीकडे लीग जिंकून दाखवली. मेस्सीच्या बार्सिलोनासारखा घरचा संघ नव्हता त्याला. आणि पोर्तुगालला २०१६ चा युरो, युरोपातल्या देशांचा कप.

बी-३०४ दादा: बाकी सगळं मान्य, पण २०१६ चं नाव काढलंस तर पूर्ण सांग. फायनलला २५ व्या मिनिटाला रोनाल्डो गुडघा धरून बाहेर गेला. पुढचा सगळा वेळ, जादा वेळ धरून, पोर्तुगालनं फ्रान्सला त्यांच्या घरी गोल करू दिला नाही. १०९ व्या मिनिटाला एडरनं मारला. त्या रात्रीचा सामनावीर कोण? पेपे. बॅक.

ए-२०१ भाऊ: पण कप्तान बाहेर उभा राहून ओरडत होता, संघाला जोर देत होता. ते पण मोजायचं.

बी-३०४ दादा: मोजतो. त्यावरनंच एक कसोटी सुचली बघा. खेळाडू किती मोठा हे तो असताना कळतं त्यापेक्षा तो नसताना जास्त कळतं. २००३ ला रेआल माद्रिदनं बेकहॅमला आणलं आणि त्याच उन्हाळ्यात मॅकेलेलेला चेल्सीला जाऊ दिलं. मॅकेलेले गोल करत नव्हता, लांब पासही फार देत नव्हता. समोरच्याची चढाई मधेच तोडायची, बॉल जवळच्याला द्यायचा, एवढंच काम. त्याच वर्षी माद्रिदनं लीग जिंकली होती. झिदान, फिगो, रोनाल्डो (ब्राझीलचा), राउल, सगळे तिथंच होते, तरी पुढची लीग यायला २००७ उजाडलं. आणि तिकडं चेल्सीनं २००४-०५ ला पूर्ण लीगमध्ये फक्त १५ गोल खाल्ले आणि लीग मारली.

सी-१०१ ताई: मँचेस्टर सिटीचा हाफ रॉड्री, त्याचं पण तसंच झालं की. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये गुडघा गेला आणि सलग चार लीग जिंकलेली मँचेस्टर सिटी त्या मोसमात तिसरी आली. हालांड होता, तरी.

बी-३०४ दादा: बरोबर ताई. आणि त्याच वर्षी बॅलन डी'ओर रॉड्रीला दिलं तर किती ओरडले लोक. हाफला दिलं की लोकांना अन्याय वाटतो.

ए-४०३ आजोबा: बॅलन डी'ओरचं एवढं मनावर घेऊ नका. १९९५ पर्यंत ते फक्त युरोपच्याच खेळाडूंना द्यायचे. पेले आणि मॅराडोना त्यात धरलेच जात नव्हते. ९५ ला नियम बदलला आणि लायबेरियाचा जॉर्ज वेआ जिंकला. त्यामुळे मेस्सीची आठ, रोनाल्डोची पाच, हे आकडे पेलेच्या शून्यासमोर ठेवणं चूक आहे.

ए-१०४ धाकटा: हे मला माहीतच नव्हतं आजोबा.

बी-३०४ दादा: आजोबा, हा मुद्दा पक्का. पण माझी कसोटी पेलेला लावली तर अवघड जातं. १९६२ ला दुसऱ्याच मॅचमध्ये पेले जखमी झाला, पुढं खेळलाच नाही. तरी ब्राझील जिंकलं. गरिंचानं ओढलं सगळं.

ए-४०३ आजोबा: ब्राझीलकडे गरिंचा होता हा पेलेचा दोष नाही. तुझी कसोटी हाफला आणि बॅकला लागू पडते, कारण तिथे एक कडी निघाली की सगळी साखळी सुटते. फॉरवर्डला ती तशीच लावू नकोस. तूच म्हणालास गट पाडा, मग कसोटीही गटागटाची वेगळी पाहिजे.

बी-३०४ दादा: हे मानलं आजोबा. फॉरवर्डचं माप वेगळं काढूया.

सी-१०१ ताई: फॉरवर्डच्या आधी पाचव्या जागेचं बोलते. ती मार्ताला द्या. ब्राझीलची. वर्ल्ड कपमध्ये तिचे १७ गोल आहेत. २०१९ मध्ये तिनं सतरावा मारला तेव्हा पुरुषांतल्या क्लोजाचा १६ चा आकडा मागं पडला. पाच वेगवेगळ्या वर्ल्ड कपमध्ये गोल केलेत. २००६ ते २०१० सलग पाच वर्षं फिफाची सर्वोत्तम महिला खेळाडू, आणि २०१८ ला परत. बायकांसाठी बॅलन डी'ओर सुरूच २०१८ ला झालं, म्हणून त्या यादीत तिचं नाव नाही. आजोबांनी पेलेबद्दल जे सांगितलं तेच हिच्याबद्दल. संध्याकाळी खाली आपल्या सोसायटीच्या मुली पण खेळतात, भिंत त्यांची पण आहे.

ए-२०१ भाऊ: पाचवी जागा भारताला पाहिजे. सुनील छेत्री. देशासाठी नव्वदच्या वर गोल. २०२४ च्या जूनमध्ये त्यानं निवृत्ती घेतली तेव्हा खेळत असलेल्यांत त्याच्या पुढं फक्त रोनाल्डो आणि मेस्सी होते. किंवा मग आपला अनिकेत जाधव. कोल्हापूरचा पोरगा, २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारताकडनं खेळला. कुठल्याही पेठेत विचारा, त्याचं नाव माहीत नाही असा पोरगा सापडणार नाही.

ए-१०४ धाकटा: अनिकेतदादासाठी माझं पण मत 🔥

बी-३०४ दादा: अनिकेतबद्दल मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. पण ही यादी जगातल्या सर्वांत मोठ्या पाच जणांची आहे. आपला म्हणून त्याला याशिन आणि मेस्सीच्या रांगेत बसवलं तर बघणारा म्हणणार, सोसायटीनं माया केली. त्याचं काम मायेवर चालणारं नाही. जिन्यालगतची भिंत रिकामी आहे. तिथं अनिकेत आणि छेत्री दोघंच, मोठे, पूर्ण अंगाचे काढूया. भारत आणि कोल्हापूर अशी वेगळी भिंत. मोठ्या भिंतीवर पाचवी मार्ता. तिला कुणाच्या मायेची गरज नाही, नुसत्या आकड्यावर बसते ती.

सेक्रेटरी काका: जिन्यालगतच्या भिंतीला वेगळी परवानगी लागणार नाही, रंगाचे पैसे लागतील. वर्गणी काढणार असाल तर माझी हरकत नाही.

ए-२०१ भाऊ: वर्गणी मी गोळा करतो. छेत्री अकरा नंबरच्या जर्सीत पाहिजे.

बी-३०४ दादा: ठरलं. गोलीला माझं मत याशिन. मार्टिनेझचा पाय मी सांगितला, पण याशिन नुसता अडवून थांबायचा नाही. गोल सोडून पुढं यायचा, बॅकना ओरडून जागेवर उभं करायचा, बॉल हातात आला की लगेच लांब फेकून चढाई सुरू करायचा. आज प्रत्येक कोच गोलीला हेच शिकवतो.

ए-४०३ आजोबा: याशिन. दुसरं नाव नको.

सी-१०१ ताई: बॅकला?

बी-३०४ दादा: कॅनाव्हारोचा एक महिना सांगितला, पण जागा मालदिनीची. मिलानसाठी २५ मोसम, पाच युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग). पहिला १९८९ ला, शेवटचा २००७ ला. मधल्या काळात खेळ बदलला, कोच बदलले, समोरचे फॉरवर्ड तर किती पिढ्यांचे आले. हा डावीकडे खेळला, नंतर मधे खेळला, आणि बऱ्याचदा त्याला टॅकल करायची वेळच यायची नाही, कारण बॉल यायच्या आधी तो तिथं उभा असायचा. बॅकला खेळलेल्या माणसाला हे बघून काय वाटतं ते मला इथं लिहून सांगता येणार नाही.

ए-१०४ धाकटा: हाफला इनिएस्ता चालेल? २०१० च्या वर्ल्ड कप फायनलचा स्पेनचा गोल त्याचाच. मॅकेलेलेला पोरं ओळखणार नाहीत.

बी-३०४ दादा: ओळखत नाहीत म्हणूनच काढायचा. पोरं विचारतील हा कोण, मग आपण सांगू.

सी-१०१ ताई: इथं मी धाकट्याबरोबर. तोडणारा एक बॅक भिंतीवर आहेच. हाफमध्ये खेळ बांधणारा पाहिजे. इनिएस्ता नाहीतर मॉड्रिच.

सेक्रेटरी काका: हाफसाठी पोल टाकतो: मॅकेलेले, इनिएस्ता, मॉड्रिच. फॉरवर्डसाठी दुसरा: पेले, मॅराडोना, मेस्सी, रोनाल्डो. एका घरातून एक मत.

ए-२०१ भाऊ: दादा, तुम्ही फॉरवर्डचं माप वेगळं काढणार होता. मत देण्याआधी सांगा.

बी-३०४ दादा: सांगतो. बॅकला फॉरवर्ड मापायचा एकच मार्ग माहीत असतो: याला मार्क करायचं, म्हणजे चिकटून रोखायचं म्हटलं तर मी काय करीन? रोनाल्डोला मार्क करणं महाकठीण. उडी, ताकद, दोन्ही पाय, डोकं. पण तो कुठं येणार हे ठाऊक असतं. गोलसमोरच्या डीमध्ये येणार. दोन माणसं लावता येतात, एक पुढं, एक मागं. हरलो तरी काय करायचं होतं ते माहीत असतं.

मेस्सीच्या बाबतीत तेच कळत नाही. २ मे २००९, माद्रिदच्या घरी. बार्सिलोनानं त्याला मधे फॉरवर्डच्या जागी ठेवला आणि तो तिथं थांबेचना, मागं हाफमध्ये यायला लागला. माद्रिदच्या बॅकनी त्याच्या मागं जायचं तर पाठीमागं मोकळी जागा, तिथनं बार्सिलोनाचा ऑन्री आत घुसायचा. जागेवर थांबायचं तर मेस्सी मोकळा, वळून पास द्यायला पाहिजे तेवढा वेळ. मी ती मॅच नुसती दोन बॅककडे बघत परत परत पाहिलीय. दर वेळी ते एक पाऊल पुढं टाकतात आणि थांबतात. ६-२ झालं. जिथं उभं राहायचं तीच जागा ज्याच्यामुळं कळेनाशी होते, त्याच्यापेक्षा मोठा फॉरवर्ड मी मानत नाही. मॅराडोना त्याच्या अगदी जवळ येतो. १९८६ च्या वर्ल्ड कपला इंग्लंडच्या पाच-सहा जणांना माहीत होतं तो कुठनं निघालाय, तरी कुणाला थांबवता आला नाही. पण माझं मत मेस्सीला.

ए-४०३ आजोबा: ऐकलं, समजलं, आणि माझं मत पेलेलाच. ए-४०३ चं एकच मत आहे, ते नोंदवा.

ए-२०१ भाऊ: आमच्या घरचं रोनाल्डोला. बायको मेस्सी म्हणतीय, तिचं मत धरू नका 🙏

सी-१०१ ताई: वहिनी, तुम्ही स्वतः पोलमध्ये टाका. यांच्या आधी टाका.

सेक्रेटरी काका: पोल शनिवारी रात्री नऊला बंद. याशिन, मालदिनी आणि मार्ता यांचे फोटो मला पर्सनलला पाठवा, पेंटर त्या तिघांपासून सुरुवात करेल.