व्हिटॅमिन डीचा दुप्पट डोस गेलाय, बुधवारी लस आहे – मदत हवी आहे

पाळण्याची_दोरी (रविवार, रात्री 11.20)

नमस्कार. एरवी मी इथे नुसती वाचत असते, आज लिहायची वेळ आली. बाळ 41 दिवसांचं आहे, मुलगा. पूर्ण दिवसांचा, जन्माचं वजन 2.9 किलो, परवा 4.1 भरलं. फक्त अंगावर पितो. मी माहेरी, तालुक्याच्या गावी आहे. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद आणि फोनही लागत नाहीये.

दवाखान्यातून सोडताना व्हिटॅमिन डीचे ड्रॉप्स दिले होते, रोज 1 मिली. ती बाटली संपली. बाबांनी मेडिकलमधून दुसरी आणली, वेगळ्या कंपनीची. दुकानातला मुलगा म्हणाला, "तेच आहे काका, फक्त कंपनी बदललीय." मी आपली रोज ड्रॉपर 1 पर्यंत भरून देत राहिले. आज दुपारी खोका हातात आला, सहज वाचला, तर प्रत्येक मिलीत 800 आययू (व्हिटॅमिन मोजायचं युनिट). जुनी बाटली शोधून पाहिली, तिच्यावर 400. म्हणजे 9 दिवस बाळाला दुप्पट गेलं! तेव्हापासून पोटात गोळा आलाय. बाळ नीट पितोय, शी-शू नेहमीसारखी, रडणंही नेहमीचंच.

दुसरं. बुधवारी दीड महिन्याची लस आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "ताप आल्यास पॅरासिटामॉल ड्रॉप्स 0.5 मिली" असं आहे, पण ती बाटली सासरी राहिली. इथे फ्रिजच्या दारात वहिनीच्या चार वर्षांच्या मुलीचं तापाचं सिरप आहे. वहिनी म्हणते औषध एकच, बाळ लहान म्हणून अर्धा चमचा दे. डी व्हिटॅमिनच्या प्रकारानंतर आता मला "एकच" या शब्दाचीच भीती वाटते.

तिसरं आजीचं. तिची सहाण घासून तयार आहे. "सवा महिना झाला, आता गुटी चालू करू." नाही कसं म्हणू?

---

राईनकाठ (रात्री 11.41)

आधी शांत हो गं. आम्ही जर्मनीत आहोत, इथे व्हिटॅमिन डी बाळांना गोळीच्या रूपात देतात, बारीकशी गोळी, चमच्यात पाण्याच्या थेंबात विरघळवून. रोज एक. ड्रॉपरचा प्रश्नच नाही. भारतात आल्यावर मीही त्या 400-800 च्या घोळात अडकले होते. बाकी जाणकार सांगतीलच.

---

खलबत्ता_निवृत्त (रात्री 11.58)

ताई, झोपा. आधी हिशोब बघू. बाळाची रोजची गरज 400 आययू. पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला 1000 पर्यंतची मात्रा सुरक्षित धरतात. तुमच्याकडून 800 गेलं, तेही 9 दिवस. म्हणजे गरजेच्या दुप्पट, पण मर्यादेच्या आत. उद्यापासून याच बाटलीतून अर्धा मिली द्या आणि डॉक्टरांना सकाळी फोनवर सांगून टाका, लपवू नका.

खरी भीती कशाची ते सांगतो. मोठ्या माणसांना आठवड्यातून एकदा घ्यायच्या 60,000 युनिटच्या छोट्या बाटल्या मिळतात. त्या चुकून बाळाला रोज जातात, मग रक्तातलं कॅल्शियम चढतं. बाळ पीत नाही, उलट्या करतं, शी घट्ट होते, लघवी खूप होते, ते मलूल पडतं. तुमच्या बाळात यातलं काही नाही.

मी 34 वर्षं काउंटरमागे काढली. दुकानातला मुलगा खोटं बोलला नाही, औषध खरंच "तेच" होतं. त्याने एवढंच सांगितलं नाही की एका मिलीत ते किती. माझ्या दुकानातही असंच होत असणार, आज कबूल करायला हरकत नाही. ओळीत चार गिऱ्हाईकं उभी असली की तोंडातून "तेच आहे" हेच निघतं.

आता तापाचं. वहिनींच्या बाटलीवर काय लिहिलंय? 5 मिलीत 125 की 250? बघून सांगा, उत्तर त्यावर आहे.

---

पाळण्याची_दोरी (रात्री 12.06)

काका, देव तुमचं भलं करो. 5 मिलीत 250 मिग्रॅ.

---

खलबत्ता_निवृत्त (रात्री 12.24)

वाटलंच. पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोला 10 ते 15 मिग्रॅ. बाळ 4.1 किलोचं, म्हणजे साधारण 41 ते 61. बहुतेक ड्रॉप्समध्ये 1 मिलीत 100 मिग्रॅ असतात, म्हणून डॉक्टरांनी 0.5 मिली लिहिलंय, 50 मिग्रॅ, अगदी बरोबर. वहिनींच्या सिरपचा अर्धा चमचा म्हणजे 2.5 मिली धरला तर 125 मिग्रॅ. दर किलोला 30. वरच्या मर्यादेच्याही दुप्पट, आणि रात्रीत दोन-तीनदा दिलं तर त्या एवढ्याशा यकृतावर भार. बरं, चिठ्ठीतलं "0.5 मिली" बघून तेवढंच सिरप दिलं असतं तर पोटात 25 मिग्रॅ गेले असते. ताप हटला नसता आणि तुम्ही घाबरून परत दिलं असतं.

आता उलटं करून बघा. ड्रॉप्सची बाटली सिरप समजून अडीच मिली पाजली तर? 250 मिग्रॅ. लोकांना वाटतं बाळाचं औषध म्हणजे सौम्य औषध. ड्रॉप्स सौम्य नसतात, उलट दाट असतात. बाळाच्या तोंडात जास्त मावत नाही म्हणून थोड्यात जास्त भरलेलं असतं.

उद्या ड्रॉप्सची नवी बाटली आणा, 50 रुपयांसाठी हिशोब करत बसू नका. बाटलीवरचं मिलीतलं प्रमाण डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवा. आणि या बाटलीचा ड्रॉपर त्या बाटलीत घालायचा नाही. सगळ्यांच्या खुणा सारख्या नसतात.

---

नातवंडं_सात (सोमवार, सकाळी 6.10)

एवढी आकडेमोड! आम्ही चार मुलं गुटीवर वाढवली. सुंठ, हळकुंड, वेखंड, जायफळ, मायफळ, मुरुडशेंग, अतिविष, हिरडा, काकडशिंगी, बदाम, खारीक. प्रत्येकाचा एकेक वेढा, आईच्या दुधात. सहाण उकळत्या पाण्याने धुवायची. पोर रात्रभर गप झोपायचं. आजीला नाही म्हणू नकोस, मुली.

---

रात्रपाळी (सकाळी 7.45)

रात्रपाळी संपवून आत्ताच घरी आले. मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आजींचा मान ठेवून लिहिते.

"रात्रभर गप झोपायचं" हेच मला खटकतं. जायफळाने झापड येते. दोन वेढे जास्त पडले की बाळ सुस्तावतं आणि आपण म्हणतो, बरं वाटलं. दीड महिन्याच्या बाळाने दर दोन-तीन तासांनी उठून प्यायला हवं. ते उठलं नाही तर मी खूश होत नाही, आधी त्याला हलवून बघते. वेखंडाचंही तसंच. त्यातल्या बीटा-अ‍ॅसारोन या घटकामुळे अमेरिकेत 1968 पासून ते खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे. शिवाय वेढा म्हणजे किती? तुमचा हात हलका, सूनबाईंचा जड. काल काकांनी मिलीत किती मिग्रॅ ते विचारलं, गुटीला ते विचारायची सोयच नाही.

सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. गुटीत किंवा सोनं उगाळून मध चाटवायचा बेत असेल तर तो वर्षापर्यंत अजिबात नको. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि तिथे तयार होणाऱ्या विषाने स्नायू ढिले पडतात.

लसीबद्दल. आधीपासून औषध देऊन ठेवू नका, ताप आला तरच. पेंटा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लशीनंतर एक-दोन दिवस अंग गरम होणं, मांडीवर सूज येणं नेहमीचं. थर्मामीटर घरात हवाच. 100.4 किंवा वर गेला तर डॉक्टरांना कळवा. एरवी, म्हणजे लस नसताना, तीन महिन्यांखालच्या बाळाला एवढा ताप आला तर घरी औषध देत बसायचं नाही, थेट दवाखाना. लसीनंतरही बाळ पीत नसेल, मलूल असेल, तीन तास न थांबता रडत असेल, झटके आले तर वाट बघू नका.

विषय निघालाच आहे तर, आजीच्या ट्रंकेतली झबली, दुपटी काढलीत का? डांबरगोळ्यांचा वास असेल तर बाळाला घालू नका. जी6पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्या बाळांच्या लाल पेशी त्याने फुटतात, कावीळ चढते.

---

नातवंडं_सात (सकाळी 9.02)

लेबल असूनही तुमची गोची झालीच की!

---

रात्रपाळी (सकाळी 9.15)

😄 मान्य, आजी. पण लेबल होतं म्हणून गोची सापडली तरी.

---

दुपारचा_चहा (सकाळी 11.30)

धाग्यात घुसते, माफ करा. माझी मुलगी अडीच महिन्यांची, नाक चोंदलंय. मेडिकलवाल्याने सर्दीचं सिरप दिलंय, "लहान मुलांचंच आहे" म्हणून. देऊ का?

---

खलबत्ता_निवृत्त (दुपारी 12.10)

नको. तोंडात एक थेंबही नको. खोक्यावर बारीक अक्षरात बघा. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असतील तर "4 वर्षांखालील मुलांना देऊ नये" असं छापायचा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी 2023 च्या डिसेंबरात काढला आहे. खोक्यावरचं हसरं बाळ बघून फसू नका. नाकात सलाईनचे थेंब, प्यायच्या आधी एकेक, बस. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा पिणं सुटलं असेल तर डॉक्टर.

आणि 2025 चं मध्य प्रदेशातलं छिंदवाडा आठवा. खोकल्याचं सिरप घेतलेली वीसहून जास्त मुलं गेली, मूत्रपिंडं निकामी होऊन. काहींना उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. सिरपमध्ये 48.6 टक्के डायएथिलिन ग्लायकॉल सापडलं, कारखान्यात वापरायचं विषारी रसायन. तपासात तो आकडा वाचला तेव्हा मी पेपर खाली ठेवला. 1986 ला मुंबईत जे.जे.मध्ये हेच झालं होतं, ग्लिसरॉलमध्ये हेच विष, 14 रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. मी तेव्हा डी.फार्म. करत होतो, सर म्हणाले होते, यापुढे असं घडणार नाही. ते भेसळीचं पाप, ते लेबल वाचून कळत नाही, म्हणूनच सांगतो, जे औषध बाळाला लागतच नाही ते देऊ नका. सर्दी सिरपने लवकर जात नाही.

---

दुपारचा_चहा (दुपारी 12.18)

परत करून येते. धन्यवाद काका.

---

पाळण्याची_दोरी (गुरुवार, सकाळी 10.40)

सर्वांना कळवायचं राहिलं. सोमवारी डॉक्टरांशी बोलणं झालं. काकांनी सांगितलं तेच म्हणाले, रक्त तपासायचीही गरज नाही, याच बाटलीतून अर्धा मिली चालू ठेवा. मग जरा रागावले की रविवारी मेसेज का नाही टाकला. मी म्हटलं, तुमचा नंबर कुठे आहे माझ्याकडे, तो तर दवाखान्याचा. आता नंबर मिळाला.

बाबांनी दोन्ही बाटल्यांवर पांढरी पट्टी चिकटवून मार्करने लिहिलंय. "डी – अर्धा, रोज सकाळी." "ताप – अर्धा, डॉक्टरांना विचारूनच." वहिनीच्या बाटलीवर फक्त "बाळाचं नाही". सिरींज मेडिकलमधून 1 मिलीची आणली, बिनसुईची. ड्रॉपरपेक्षा बरी वाटते.

काल लस झाली. रात्री दोनला 99.8. अंगावर पाजलं, कपडे कमी केले, औषध लागलं नाही. आज मांडीला जरा गाठ आहे, पाय हलवताना रडतो.

आजीने सहाण स्वयंपाकघरातून उचलून देवघरात नेऊन ठेवलीय, चंदनासाठी. माझ्याशी अजून बोलत नाही. बाळाशी मात्र बोलते, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.