थ्री जॉ चकचे जॉ तोंडाशी फाकलेत. ग्राइंड करावेत की चकच बदलावा?

अर्धा_सूत
नमस्कार मंडळी. माझ्या लेथवर १६० मिमीचा थ्री जॉ चक (जॉब धरून फिरवणारी तीन जबड्यांची पकड) आहे, जॉ अखंड, एका तुकड्याचे. लेथबरोबरच आला, त्यामुळे त्याचं वय ठाऊक नाही. हल्ली घट्ट आवळलेला जॉबसुद्धा हातानं ढकलला की डुलतो. परवा २५ मिमीची ग्राइंड केलेली पिन धरून डायल (फिरताना जॉब किती डुलतो ते काट्यानं दाखवणारं मापक) लावला. जॉजवळ काटा ०.१२ मिमी फिरला, १०० मिमी पुढे ०.३०. जॉ मागे पकडतात, तोंडाशी मात्र कागदाची पट्टी आरामात आत जाते.

काम म्हणजे बुश, पिना, लहान पुली. एका पकडीत होतं तेवढं ठीक. जॉब उलटा धरला की बोअर आणि बाहेरचा व्यास एकमेकांना ओळखही देत नाहीत.

बजेट: चांगल्या नव्या चकच्या किमतीचा तिसरा हिस्सा. स्पिंडल (चक ज्यावर बसतो तो फिरता दांडा) तपासलाय, चक काढून नाकावर डायल लावला तर ०.०१ च्या आत आहे.

मायक्रॉनराव
नवा घ्या. मी बायसन कंपनीचा घेतला, सात वर्षं झाली, अजून जॉजवळ ०.०३ दाखवतो. स्वस्तातलं घेऊन दोनदा रडण्यापेक्षा एकदाच रडलेलं बरं. बजेट थोडं वाढवा.

अर्धा_सूत
थोडं म्हणजे तिप्पट.

फोर_जॉ_भक्त
थ्री जॉवर अचूकता मागणंच चूक आहे. स्क्रोलचा (तिन्ही जॉ एकदम सरकवणाऱ्या सर्पिल दातांच्या चकतीचा) चक आहे तो, एका व्यासाला चांगला लागला तरी दुसऱ्या व्यासाला काटा वेगळा फिरणारच. फोर जॉ इंडिपेंडंट (प्रत्येक जॉ वेगळा सरकतो तो) लावा, डायल लावून दोन मिनिटांत ०.०१ वर आणता येतो. आधी समोरासमोरचे दोन जॉ, मग उरलेले दोन. हात बसला की थ्री जॉ आठवतसुद्धा नाही.

ठिणगी
दोन मिनिटं? चाळीस पिना करायच्या असतील तर ऐंशी मिनिटं नुसती डायलपुढे मान वाकडी करून. मी शिकत होते तेव्हा तर एका पिनेला वीस मिनिटं लागायची.

स्क्रोलवाला
खर्च करण्याआधी चक खोला. जॉ बाहेर काढा, प्रत्येकावर १, २, ३ आकडे असतील, खाचांवरही असतील. मागच्या मालकानं क्रम चुकवला असेल तर कितीही ग्राइंड करा, उपयोग नाही. स्क्रोलच्या दातांत चिप (कापताना उडालेला धातूचा तुकडा) दाबून बसली असेल तर तीही काढा. मग पातळ तेल. ग्रीस भरू नका, ग्रीस चिप धरून ठेवतं.

आणि एक करून बघा. चावी तिन्ही भोकांत आळीपाळीनं लावून जॉब आवळा आणि दर वेळी डायल वाचा. एका भोकातून आवळल्यावर काटा सर्वांत कमी फिरतो. तिथे पंच मारून खूण करा, शेवटचा पीळ कायम तिथूनच द्या.

लोखंडाचे_चणे
ग्रीसच लावायचं. आमच्याकडे वीस वर्षं ग्रीसच लावतात, एकही चक अडकला नाही.

स्क्रोलवाला
वीस वर्षांत एकदा तरी खोलला का?

नवशिक्या_टर्नर
वाचतोय. माझाही चक असाच आहे.

तिरकस
धागाकर्त्यांनी ०.१२ रनआऊट लिहिलंय. काटा एकूण ०.१२ फिरला असेल तर केंद्र ०.०६ नंच सरकलंय. लोक उगाच दुप्पट घाबरतात.

मायक्रॉनराव
रनआऊट म्हणजे काट्याचा एकूण फरकच. त्यांनी बरोबर लिहिलंय. तुम्ही विकेंद्रितता सांगताय.

तिरकस
मीही तेच म्हणतोय.

मायक्रॉनराव
नाही, तुम्ही घाबरू नका म्हणताय. ०.०३ आणि ०.१२ मध्ये चौपट फरक आहे, निम्मा करा नाहीतर दुप्पट.

जळालेला_हात
ग्राइंडिंगचं ऐका, मी तोंड पोळलंय. टूलपोस्टवर छोटा हाय स्पीड ग्राइंडर बांधला. जॉ ताणात हवेत एवढं ऐकलं होतं, म्हणून एक जाड रिंग बाहेरून ठेवली आणि जॉ उघडून रिंगमध्ये आवळले. आत छान ग्राइंड केलं, चकाकी बघून खूश. पिन धरली तर पूर्वीपेक्षा वाईट!

कारण नंतर कळलं. जॉ बाहेर ढकलताना स्क्रोलच्या दातांची एक बाजू टेकते, जॉब आवळताना दुसरी. मधला खुळखुळा मी मोजलाच नव्हता. ताण आतल्या दिशेनंच हवा. शेजारच्या जॉच्या तिरक्या कडांमध्ये सारख्या व्यासाच्या तीन पिना अडकवून आवळा, पकडीची बाजू मोकळी राहते, तिथून दगड आत-बाहेर फिरवता येतो. दर फेरीला पापुद्र्याएवढा हलका कट घ्यायचा.

बेड झाकायला विसरू नका, पण झाकण नीट बांधा, फिरत्या चकजवळ लोंबतं फडकं नको. काम संपल्यावर चक पुन्हा खोलून धुवा. दगडाची धूळ स्क्रोलमध्ये राहिली तर तीच पुढे चक खाते. माझ्या स्लाइडनं तिची चव घेतलीय.

लोखंडाचे_चणे
एवढा खटाटोप कशाला? कार्बाइडच्या बोअरिंग बारनं मारा दोन पास.

जळालेला_हात
जॉ कडक केलेले असतात, कट तीन ठिकाणी तुटतो. टिप प्रत्येक जॉवर हातोड्यासारखी आपटते. मारा, मग टिपांचा हिशेब इथे लिहा.

फोर_जॉ_भक्त
म्हणून म्हणतो, फोर जॉ.

ठिणगी
धागाकर्ते, पिना २० मिमीच्या आत असतील तर ईआर ३२ कोलेट चक (चिरा असलेल्या बाहीत गोल जॉब आवळणारा) बघा. मी त्यावर गेल्यापासून लहान कामाला थ्री जॉला हात लावलेला नाही. पुली त्यात बसणार नाही हे मान्य. पुलीला सॉफ्ट जॉ (बोल्टनं बसणारे, कडक न केलेले जॉ) लावून त्याच व्यासाला जागेवर बोअर करायचे, पण तुमचे जॉ अखंड आहेत, तिथे ते जमणार नाही.

मायक्रॉनराव
सॉफ्ट जॉ हवेत तर दोन तुकड्यांच्या जॉचा नवा चक घ्या. बायसनमध्ये मिळतो.

निवृत्त_फिटर
बॅकप्लेटची (चक ज्यावर बोल्टनं बसतो त्या चकतीची) कड ०.३ मिमीनं लहान करा, चक ठोकून केंद्रावर आणा, बोल्ट आवळा. फुकटातला उपाय.

स्क्रोलवाला
त्यानं जॉजवळचा काटा सरळ होईल, तोही एकाच व्यासाला. तोंड फाकलंय त्याचं काय? १०० मिमी पुढे जॉब डुलतच राहणार.

निवृत्त_फिटर
आम्ही असंच करायचो.

लोखंडाचे_चणे
एक सांगून ठेवतो, जुना वापरलेला चक घेऊ नका. दुसऱ्याची झीज विकत घेण्यासारखं आहे.

मायक्रॉनराव
+१. जुना मुळीच नको.

जळालेला_हात
+१. स्क्रोल आतून कसा आहे ते बाहेरून कळत नाही.

फोर_जॉ_भक्त
या एका मुद्द्यावर सगळ्यांशी सहमत.

अर्धा_सूत
सर्वांचे आभार. काय केलं ते सांगतो.

चक खोलला. जॉचा क्रम बरोबर होता. स्क्रोलमध्ये पितळेची एक चपटी चिप आणि ग्रीसची काळी माती निघाली (लोखंडाचे_चणे, माफ करा). धुऊन तेल लावलं, खुणेच्या भोकातून आवळलं, जॉजवळ काटा ०.०७ वर आला. पुढे मात्र ०.२६. म्हणजे फाकलेलं तोंड तसंच.

ग्राइंडिंगचा विचार केला, पण मोकळा ग्राइंडर नाही आणि बेडवर धूळ नको वाटली. शेवटी जुना चक घेतला. २०० मिमी, दोन तुकड्यांच्या जॉचा. वरचे जॉ हरवलेले, म्हणून विकणाऱ्याला तो घरातून घालवायचाच होता. बजेटच्या निम्म्यात मिळाला. तिथेच खोलून बघितला, स्क्रोलचे दात धारदार आहेत, मास्टर जॉ (वरचे जॉ ज्यांवर बसतात ते खालचे) खाचांत हलत नाहीत. वरचे जॉ झिजले की हरवले, याच्याशी मला देणंघेणं नाही, मला तिथे सॉफ्ट जॉच लावायचेत. ठिणगीताई, कल्पना तुमच्याच प्रतिसादातून आली.

ठिणगी
मी कोलेट सांगितलं होतं! पण हेही चालेल. बोअर करताना मागे एक चकती आतल्या ताणानं आवळून धरा, वर हात पोळलेल्यांनी सांगितलंय तेच कारण.

मायक्रॉनराव
२०० मिमी तुमच्या लेथला जड होईल. क्रॉस स्लाइडवर फिरते जॉ आपटत नाहीत ना, बघून घ्या. आणि जुना बीडाचा चक असेल तर त्यावर कोरलेल्या आरपीएमच्या वर जाऊ नका.

अर्धा_सूत
२५०० कोरलंय, मी ८०० च्या वर जात नाही. हातानं फिरवून बघितलं, जॉ चकच्या कडेबाहेर आले नाहीत तर १२ मिमी जागा राहते. अडचण वेगळीच आहे. मास्टर जॉवर आडवी-उभी खाच आहे आणि मिळालेल्या सॉफ्ट जॉच्या बोल्टचं अंतर ३ मिमीनं चुकतंय.

स्क्रोलवाला
भोकं लांबट करू नका. बाजारातले जॉ परत करा, माइल्ड स्टीलचे तीन ठोकळे घेऊन स्वतःच मिल करा. बोल्टला भोक चालेल, पण ताण खाचेवर यायला हवा, म्हणून खाचेचं माप घट्ट ठेवा. आणि ठोकळ्यांवर १, २, ३ आकडे आत्ताच ठोका.

निवृत्त_फिटर
स्पिंडल तपासला का?