बटणावर ‘यादी अद्ययावत करा’ लिहावं का?

घाटंजीकर
शेतकरी उत्पादक कंपनीच्या खरेदी केंद्रांसाठी एक्सेलची फाइल केली आहे. शेतकऱ्याचं नाव, तालुका, गाव, गट क्रमांक, माल, ओलावा, वजन असे रकाने. तालुका आणि गाव टाइप करायचे नाहीत, बाणावर क्लिक करून यादीतून निवडायचे. तालुका निवडला की गावांची यादी बदलते, ते काम मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये साठवलेल्या आज्ञांचा संच, करतो. एखादं गाव राहिलं असेल तर ते ‘मूळ यादी’ या शीटवर लिहून बटण दाबायचं. त्या बटणावर ‘यादी अद्ययावत करा’ असं आहे.

घोळ असा झाला. मूळ यादीत ‘बोरगांव’ होतं, त्यावरचा अनुस्वार काढून ‘बोरगाव’ केलं. काट्यावरच्या मुलांनी बटण दाबलं आणि त्यांना वाटलं की आधीच्या पावत्यांतही दुरुस्ती झाली. ती होत नाही. यादी बदलते, पण भरलेल्या ओळींत अनुस्वार तसाच राहतो. मग गावनिहाय बेरीज केली की एकच गाव दोनदा येतं. यादी नवी होणं आणि नोंद दुरुस्त होणं यांना वेगवेगळे शब्द हवेत. सूचनापुस्तिका मराठीत छापायची आहे, त्यामुळे ‘मॅक्रो’लाही काही सुचलं तर सांगा.

सीताबर्डी
‘अद्ययावत’मध्ये काही चूक नाही. अद्य म्हणजे आज, यावत् म्हणजे पर्यंत. यादी आजपर्यंत आणून ठेवली, एवढाच त्याचा अर्थ. अडचण ‘यादी’ शब्दाची आहे. किराण्याचीही यादी आणि मतदारांचीही यादी. इथे ‘निवडसूची’ लिहा, म्हणजे फक्त निवडायची नावं बदलतात हे कळेल. ‘याद’ फारसी, तिच्यात आठवण आहे. सूचीत क्रम आहे.

पटवाऱ्याची लेक
निवडसूची काट्यावर कोण म्हणणार, ताई? आमच्या वडिलांच्या दप्तरात या दोन गोष्टींसाठी दोन शब्द होतेच. वारस लागला की ‘नाव चढवायचं’, हक्क गेला की ‘नाव कमी करायचं’. आणि आधीची नोंद बदलायची असेल तर फेरफार. फेरफाराला क्रमांक पडतो, जुनं नाव सातबाऱ्यावर कंसात जातं, पण दिसत राहतं. म्हणून मी म्हणते, यादीच्या बटणावर ‘गाव चढवा’ लिहा. जुन्या ओळी दुरुस्त करायला दुसरं बटण करा आणि त्यावर ‘फेर घ्या’ लिहा. सातबारा पाहणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

मुठेकाठ
पैशांच्या हिशोबात ‘फेर घ्या’ असं बटण? प्रमाण मराठीत ‘हिशोबात फेरफार’ म्हणजे लबाडी. लेखापरीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारेल. महसुली बोली महसुलात शोभते. ‘नोंददुरुस्ती’ हा सरळ, निर्दोष शब्द असताना हे कशाला?

कास्तकार
ताई बराबर सांगून रायल्या. फेरफार म्हटलं का आमच्या गावात म्हाताऱ्या मानसालेबी समजते का नोंद बदलली, अन् जुनी कुठं गेली तेबी दिसते. अद्ययावत म्हटलं का पोरं मान डोलावते अन् बटन दाबून मोकये होते. लबाडीचा अर्थ शहरातल्या पेपरात असन. आमच्याइकडे फेर नाई घेतला तं बापाचं वावर पोराच्या नावावर होत नाई.

काट्यावरचा
शब्द ठरेपर्यंत मॅक्रोबद्दल दोन गोष्टी, कारण त्याही पुस्तिकेत याव्यात. डेटा व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे घरात काय भरता येईल ते ठरवायच्या एक्सेलच्या सोयीत, गावांची नावं स्वल्पविराम देऊन थेट लिहिली तर 255 अक्षरांची मर्यादा येते, त्यात तालुक्याची गावं मावत नाहीत. नावं शीटवरच ठेवून त्या घरांच्या पट्ट्याला (रेंजला) नाव द्या आणि मॅक्रोला ते नाव वापरू द्या. पण पट्ट्याच्या नावात मधली आडवी रेघ चालत नाही. म्हणून ‘झरी-जामणी’ हे तालुक्याचं नाव जसंच्या तसं देता येणार नाही, खालची रेघ (_) घालावी लागेल.

दुसरं, तालुका बदलला की मॅक्रोने शेजारचं गाव पुसलंच पाहिजे. नाहीतर तालुका वणी आणि गाव पुसदचं, अशी ओळ तशीच राहते आणि एक्सेल काही बोलत नाही. ते फक्त टाइप करताना अडवतं. दुसरीकडून कॉपी करून चिकटवलं तर तेही नाही, उलट चिकटवताना त्या घरातली यादीच उडते. जुन्या ओळी शोधायला ‘सर्कल इनव्हॅलिड डेटा’ आहे. घरातली यादी शाबूत असेल तर यादीत नसलेल्या नोंदींभोवती तांबडा गोल येतो. यादी ‘बोरगाव’ झाली की असे ‘बोरगांव’ लगेच सापडतील.

पटवाऱ्याची लेक
गोल काढतो म्हणजे फेर धरतो! ‘फेर’ तिथेही बसला की.

सीताबर्डी
फुगडीचा फेर आणि महसुली फेर यांची अशी मोट बांधू नका. मॅक्रोचं मात्र राहिलं. अर्थशास्त्रात ‘मॅक्रो’ला ‘स्थूल’ म्हणतात, तो शब्द इथे घेऊ नये. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लांब, मोठा. एक छोटी आज्ञा दिली की तिच्या पोटातून आज्ञांची लांब रांग निघते, म्हणून ते नाव. ‘आज्ञामाला’ म्हणता येईल.

मुठेकाठ
आज्ञामाला छान आहे.

काट्यावरचा
छान आहे, पण फाइल उघडली की वर पिवळी पट्टी येते आणि तिच्यात ‘मॅक्रो’ असतं. पुस्तिकेत आज्ञामाला वाचलेला मुलगा त्या पट्टीकडे पाहून काय समजेल? मॅक्रोच ठेवा. टेबल, पेन, मोटार ठेवलेच आहेत.

कास्तकार
एक इचारतो. त्या यादीत रिठी गावं घेतली का? माह्यं वावर रिठात हाये. मागच्या वर्षी यादीत रीठ नव्हतं, तं पोट्ट्यानं बाजूचं गाव टाकलं. सातबारा जुयेना, चुकारा अडकून बसला.

घाटंजीकर
नाही घेतली. यादी लोकसंख्येच्या तक्त्यावरून केली होती, वस्ती नसलेली गावं त्यात धरलीच नाहीत.

मुठेकाठ
रीठ म्हणजे? साबणाचा रिठा?

पटवाऱ्याची लेक
उठून गेलेलं गाव. वस्ती नाही, पण शिवार आहे, गट क्रमांक आहेत, मौजा म्हणून दप्तर वेगळं आहे. कागदावर त्याला ‘बेचिराग’ म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं. लोक रीठच म्हणतात.

सीताबर्डी
रिक्त, रित्त, रिता, रीठ. रिकामं गाव.

मुठेकाठ
‘त्त’चा ‘ठ’ होत नाही. ‘ष्ट’चा होतो: दृष्टी, दीठ. संस्कृतात ‘रिष्ट’ म्हणजे इजा झालेलं, नासलेलं. तिथून शोधा.

सीताबर्डी
उजाड झालेल्या प्रत्येक गावाला काही इजाच झालेली नसते. पाणी आटलं, लोक दुसरीकडे बसले, एवढंच असू शकतं. अर्थ ‘रित्या’कडेच जातो.

कास्तकार
ते तुमी पाहा. घाटंजीकर भाऊ, तुरीचा काटा लागाच्या आत आमचं रीठ यादीत चढवा.