मदत हवी आहे: उमेदवाराला रविवारी नेमकं काय विचारू?

नमस्कार मंडळी. 2021 मध्ये जी 23 गावं पुणे महापालिकेत आली, त्यांतलं आमचं वाघोली. रविवारी एक उमेदवार सोसायटीत येताहेत. पत्रकात लिहिलंय, मुंबईसारखी 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मिळकतकर माफी, शिवाय रुंद रस्ते, मंडई, नवी जलवाहिनी. करमाफी मलाही हवीच आहे. पण जकात गेली, एलबीटी (मालावरचा स्थानिक संस्था कर) गेला. आता महापालिकेची मुख्य भिस्त राज्याकडून येणारं जीएसटी अनुदान, मिळकतकर आणि बांधकाम शुल्कावर. मग पैसा आणखी टॉवरना परवानगी देऊनच उभा करणार का? तेवढं पाणी कुठून आणणार?

हे भांडणाचा सूर न लागता कसं विचारू? आणि अंदाजपत्रकात आपल्या प्रभागाची तरतूद कुठे शोधायची? कुणी ते वाचलं असेल तर कृपया शनिवारपर्यंत सांगा.