गोट्यांच्या जमिनीत ऑगर लावावाच का? सिलक्याराच्या निमित्ताने

मुरूमवाला : रूळ किंवा हायवे न फोडता खालून लोखंडी केसिंग पाइप ढकलायचं काम मी अठरा वर्षं करतोय. सिलक्याराचा विषय निघाला की लोक म्हणतात, 'यंत्र हरलं, माणसं जिंकली'. माझं म्हणणं वेगळं आहे. जमिनीला न शोभणारं यंत्र तिथे लागलं होतं.

आठवण करून देतो. १२ नोव्हेंबर २०२३, दिवाळीची पहाट. उत्तरकाशीजवळचा सिलक्यारा बोगदा खचला आणि ४१ कामगार आत अडकले. मध्ये साधारण ५७ मीटरचा ढिगारा. त्यातून आधी ९०० मिमीचे पाइप ढकलले. २२ मीटरच्या आसपास काम थांबलं, मग त्याच पाइपातून ८०० मिमीचे घातले. सुमारे ४७ मीटरवर ऑगरची पाती लोखंडी गर्डरमध्ये गुंतून तुटली.

ऑगर म्हणजे पाइपात फिरणारा स्क्रू. माती, मऊ मुरूम तो भराभर बाहेर ओढतो. पण पाइपाच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा गोटा आला की अडतो, आणि लोखंड आलं की संपलंच. ढिगाऱ्यात गोटे, शॉटक्रीट (भिंतीवर फवारलेलं काँक्रीट), सळ्या, गर्डर सगळं असणार हे पहिल्या दिवशीच दिसत होतं. अशा ठिकाणी मी तरी ऑगरवर भिस्त ठेवणार नाही.

कातळरेषा : मग काय लावलं असतं, तेही सांगा ना. हॅमरने पाइप ठोकत नेणं, म्हणजे पाइप रॅमिंग? तोंड उघडं असल्याने ते गोटे गिळतं, मान्य. पण प्रत्येक ठोका वरच्या ढिगाऱ्याला बसतो. १७ नोव्हेंबरला आतून तडकल्यासारखा मोठा आवाज आला तेव्हा नुसतं ड्रिलिंगही थांबवावं लागलं होतं. तिथे हॅमर चालवायला तुम्ही सही केली असती का? मायक्रोटनेलिंगची, म्हणजे बाहेरून चालवायच्या छोट्या बोगदा-यंत्राची, चिखल-पाण्याची सगळी यंत्रणा डोंगरात उभी करायला किती दिवस गेले असते? ५७ पैकी ४७ मीटर ऑगरनेच नेलं. त्याला नालायक ठरवणं अन्याय आहे.

मुरूमवाला : रॅमिंगबद्दल तुमचं बरोबर, तिथे मीही सही केली नसती. माझा रोख रोजच्या कामांवर आहे. आपल्याकडे वर मुरूम, खाली अर्धवट कुजलेला काळा पाषाण आणि त्यात टरबुजाएवढे घट्ट गोटे. एका रेल्वे क्रॉसिंगला ६०० मिमीचा पाइप चौदाव्या मीटरला गोट्याला टेकला आणि वर उचलला गेला. ऑगरला वळवायची सोय जवळपास नसतेच. शेवटी पाइप तिथेच सोडून दुसरा पिट, म्हणजे पाइप ढकलायचा खड्डा, खोदला. १००० मिमी घेतला असता तर माणूस आत जाऊन गोटा फोडून आला असता.

विहीरकाठ : या शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. माझे वडील विहिरी खोदायचे, सुरुंगाचा धूर उतरायच्या आत त्यांना खाली पाठवलं जायचं. सिलक्यारात शेवटचे दहा-बारा मीटर रॅट-होल खाणकामगारांनी (उंदराच्या बिळासारख्या अरुंद बोगद्यातून हाताने कोळसा काढणाऱ्यांनी) पाइपात झोपून, हाताने, दिवसाभराहून थोड्या जास्त वेळात खोदले. एक खोदायचा, दुसरा माती गोळा करायचा, तिसरा ती ट्रॉलीवर घालायचा. २८ नोव्हेंबरला ४१ जण बाहेर आले. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण मेघालयातलं हेच रॅट-होल खाणकाम हरित लवादाने २०१४ मध्ये बंद केलं होतं, त्यामागचं एक कारण म्हणजे त्यात माणसं मरत होती. जीव वाचवण्यासाठी पत्करलेला धोका पाण्याच्या लाइनसाठी पत्करायचा नाही. उद्या ठेकेदार म्हणेल, 'सिलक्याराला चाललं, तुला काय होतंय?'

कातळरेषा : विहीरकाठ, शंभर टक्के. हवा खेळवणं, गॅस तपासणी, बाहेर दोरीवर माणूस, यातलं निम्मंही आपल्या साइटवर नसतं. पाण्याखालच्या वाळूत तर उघड्या तोंडातून वाळू आत धावते, पळायला जागा नसते.

मुरूमवाला : वडिलांचं वाचून थांबलो. पाइपात माणूस उतरवायची वेळच येऊ नये, हे मला आधी म्हणायला हवं होतं. त्यासाठी लाइनीवर दोन्ही पिटांच्या जागी बोअर (खाली काय आहे ते तपासायचं भोक) घ्या आणि मध्ये जिथे रेल्वे परवानगी देईल तिथे आणखी एक. आमच्या त्या क्रॉसिंगला एकच बोअर होतं, तेही लाइनीपासून तीस मीटर बाजूला, शेतात. त्यात गोटा लागला नाही म्हणून अंदाजपत्रकात 'मुरूम' लिहिलं गेलं.

विहीरकाठ : आणि गोटा लागलाच तर? काम थांबवायचे पैसे टेंडरमध्ये धरलेले असतात का?

मुरूमवाला : मी केलेल्या एकाही कामात नव्हते.